घरात चार माणसं, ताट एकटं: दहा महिन्यांत साडेसहा किलो वजन गेलेल्या आजोबांचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. ज्येष्ठांच्या आहाराचं काम करताना जी घरं पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांतल्या गोष्टी एका घरात आणून ते अभ्यासासाठी रचलं आहे. औषधं, मोजमापं आणि ताटातले हिशोब मात्र अशा घरांत असतात तसेच ठेवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला ते आपल्या घरातल्या ताटाशी ताडून बघता येतील.

आजोबा ७६ वर्षांचे. डोंबिवलीत मुलगा, सून आणि आठवीतला नातू यांच्यासोबत राहतात. पत्नीला जाऊन चौदा महिने झालेत. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम ही जोडगोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० सकाळी. पूर्ण शाकाहारी. खालची-वरची कवळी. स्वतःची कामं स्वतः करतात, पेपर वाचतात, वीजबिल फोनवरून भरतात. म्हणजे कुणी विचारलं असतं तर घरच्यांनी 'बाबा ठणठणीत आहेत' असंच सांगितलं असतं.

पहाटे चार वाजता

एका मंगळवारी पहाटे आजोबा पलंगाजवळ पडलेले सापडले. अंग घामाने चिंब, बोलणं अडखळत, समोरच्या मुलाला नावाने हाक मारता येईना. मुलाने ग्लुकोमीटर लावला: ५८. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून हळूहळू पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर ९६. हे त्याने अगदी बरोबर केलं. सत्तरच्या खाली साखर आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकतोय, तर पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, मग काहीतरी खायला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

हाड मोडलं नव्हतं. पण दवाखान्यात वजन केलं तेव्हा काटा ५५ वर थांबला. जुन्या कागदांवर दहा महिन्यांपूर्वीची नोंद ६१.५ होती, सहा महिन्यांपूर्वी ६०, तीन महिन्यांपूर्वी ५८. वजन नुसतं घटत नव्हतं, घटण्याचा वेग वाढत होता.

दर वेळी वजन लिहिलं गेलं होतं, पण मागच्या आकड्याशेजारी ठेवून कुणी बघितलं नव्हतं. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २०.२. तक्त्यात हा आकडा 'नॉर्मल'मध्ये बसतो, आणि म्हातारपणी तो फसवतो. सत्तरीपुढच्या आशियाई माणसात वीसच्या खालचा बीएमआय कुपोषणाच्या खुणांत धरतात आणि आजोबा त्या रेषेला टेकले होते. बीएमआयपेक्षा घट महत्त्वाची: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप गेलं तर तेवढंही तपासणीला पुरेसं कारण असतं. इथे सहा महिन्यांत आठ टक्के गेलं होतं.

आणखी एक आकडा घरच्यांना उलटा वाचायला लावत होता. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ७.६ वरून ६.२ वर आली होती. सगळे खूश. 'बाबांनी गोड सोडलं, पथ्य पाळलं.' खरं तर पोटात अन्नच जात नव्हतं आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच ताटाच्या हिशोबाने चालू होत्या. ग्लिमेपिराइड जेवलात की नाही ते बघत नाही. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतंच. रात्री दूध-पोळीवर भागवलं आणि गोळी पूर्ण घेतली की पहाटे साखर खाली येणार. वयस्क मधुमेही माणसाची साखर काहीही न बदलता 'सुधारली' तर आधी त्याच्या ताटात डोकवावं.

वजन का गेलं, ते शोधताना

एकटं जेवण हे कारण सगळ्यात शेवटी धरायचं असतं. आधी कर्करोग, क्षय, थायरॉइड, मूत्रपिंड, दात-घसा, औषधं बघितली पाहिजेत. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड, क्रिएटिनिन ठीक होतं. हिमोग्लोबिन ११.२. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व १६८, कमी; शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन एकत्र आलं की हे नेहमी दिसतं. बसून रक्तदाब १२८, उभं राहिल्यावर १०४. वजन उतरलं की रक्तदाबाची जुनी मात्राही जड होते आणि उठताना तोल जातो.

पोटरीचा घेर ३०.५ सेंटिमीटर भरला (पुरुषात ३४ च्या खाली स्नायू झिजल्याचा संशय घेतात). हाताची पकड १९ किलो, हवी किमान २८. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १७ सेकंद लागले. बारापेक्षा जास्त लागले तर पायात ताकद कमी समजतात. मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट या सहा प्रश्नांच्या चाचणीत चौदापैकी सात, म्हणजे कुपोषित. नैराश्याच्या पंधरा प्रश्नांच्या चाचणीत आठ. पाच किंवा जास्त आले की पुढे विचारायचं असतं. आजोबा रडत नव्हते, उदास आहे असं म्हणतही नव्हते. 'आता काय, दिवस काढायचे' एवढंच म्हणाले. स्मरणशक्तीच्या चाचणीत काही निघालं नाही.

मग तीन दिवसांची आहाराची नोंद घेतली. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. ही नोंद माणसाला 'काय खाता?' असं विचारून घ्यायची नसते, कारण उत्तर नेहमी 'सगळं खातो' असंच येतं. प्रत्येक वेळी ताटात काय वाढलं, किती उरलं, किती वाजता बसले, किती वाजता उठले आणि सोबत कोण होतं, हे पाच रकाने. शेवटचे दोन रकाने बहुतेक तक्त्यांत नसतात.

कामाच्या दिवसाचा तक्ता असा निघाला. साडेसहाला चहा आणि तीन मारी. साडेनऊला झाकून ठेवलेले पोहे, एक बशी. एक वाजता एक पोळी, अर्धी वाटी भाजी, दोन-चार घास दहीभात. चार वाजता चहा, दोन मारी, एक केळं. संध्याकाळी साडेसात-आठला एक पोळी दुधात कुस्करून. सोबतीच्या रकान्यात पाचही वेळा एकच शब्द: कोणी नाही. हिशोब केला तर जेमतेम ११०० किलोकॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिनं. या वयात आजारपण नसतानाही दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. आजोबांना मिळत होती अर्धा ग्रॅम.

रविवारी दुपारी: अडीच पोळ्या, मटकीची वाटीभर उसळ, कोशिंबीर, वरणभात, वर तूप. एका जेवणात सुमारे ६८० किलोकॅलरी आणि २१ ग्रॅम प्रथिनं. कामाच्या दिवशीचं दुपारचं जेवण २९० किलोकॅलरी आणि आठ ग्रॅमचं होतं. ते नऊ मिनिटांत उरकलं, रविवारचं पस्तीस मिनिटं चाललं. जबडा तोच, गोळ्या त्याच, स्वयंपाक करणारे हातही तेच. बदलली होती ती फक्त शेजारची ताटं. या एका फरकामुळे निदान दुसऱ्या दिशेला गेलं: भूक मेली नव्हती, ती जागी व्हायला कुणी लागत होतं.

झाकलेल्या ताटाजवळ

सून सकाळी पाचला उठून चार पोळ्या, भाजी, वरण, भात करून ठेवत होती. सातच्या पुढे घर रिकामं व्हायला लागायचं. मुलगा ठाण्याच्या पुढे, सून मुलुंडला, नातू शाळेत आणि मग क्लासला. सगळे परत येईपर्यंत साडेआठ. पोळ्यांचा डबा रोज रिकामा मिळायचा, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. दोन पोळ्या दुपारी खालच्या कुत्र्यांना जात होत्या. आजोबांना सुनेची मेहनत फुकट गेलेली दाखवायची नव्हती. त्यांनी हे खूप उशिरा, आवाज खाली आणून सांगितलं. एकट्या जेवणाऱ्यांच्या घरात रिकामा डबा हा पुरावा धरू नये; हा प्रकार फार घरांत असतो आणि त्यामागे बहुधा लबाडी नसते, भिडस्तपणा असतो.

त्या ताटापाशी काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. स्टीलच्या झाकणाला आतून पाणी सुटलेलं, त्याने पोळीची कड ओली आणि मधला भाग वातड. वजन उतरलं तशी हिरडी आकसली आणि खालची कवळी सैल झाली. वातड पोळी चावताना ती उचलली जाते आणि कडेला टोचते. म्हणून पोळी दुधात. कोशिंबीर, मटकी, दाणे हे सगळं चावायचं म्हणून बाजूला. मायक्रोवेव्ह आहे, पण त्याची बटणं पत्नी दाबायची. वरणाचं भांडं ओट्यावर, पुन्हा वाढून घ्यायचं तर उठायचं. एकदा बसलेला माणूस दुसऱ्या वाढीसाठी उठत नाही.

आणि आग्रह नाही. आपल्याकडे आग्रहाला केवळ रीत समजतात. खरं म्हणजे तो म्हाताऱ्या पोटाचा आधार आहे. वय वाढतं तसं जठर सावकाश रिकामं होतं, वास आणि चव बोथट होते, 'पोट भरलं' हा निरोप लवकर येतो. दोन घास आधीच थांबलेल्या माणसाला 'एवढा भात तर घ्या' म्हणणारं कुणी असलं की तो निरोप थोडा लांबतो. गप्पांमध्ये हात थांबतो, पुन्हा सुरू होतो; जेवण लांबतं आणि लांबलेल्या जेवणात जास्त जातं. अमेरिकेत जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८० च्या दशकाअखेरपासून लोकांच्या जेवणाच्या डायऱ्या तपासून हेच दाखवलं. २००५ मध्ये तिथल्याच, घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांच्या अभ्यासात जेवताना कुणी सोबत असलं तर दर जेवणामागे सरासरी ११४ किलोकॅलरी जास्त गेल्या. दोन जेवणं धरली तर रोज सव्वादोनशे. आजोबांच्या वयात वजन टिकणं आणि उतरणं यांत जेमतेम एवढंच अंतर असतं.

जपानमध्ये एकट्याने जेवण्याला 'कोशोकु' असा वेगळा शब्दच आहे आणि तिथला ज्येष्ठांचा मोठा पाहणी-प्रकल्प, जेजेस, या प्रकरणाला फार जवळचा आहे. सत्तर हजारांहून जास्त ज्येष्ठांना सुमारे तीन वर्षं बघितलं गेलं. घरात माणसं असूनही एकटे जेवणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण सोबतीने राहणाऱ्या-जेवणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघालं. एकटे राहून एकटे जेवणाऱ्या पुरुषांपेक्षाही जास्त. बायकांमध्ये हा फरक बराच कमी होता. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, आधीच आजारी असलेला माणूसही वेगळा जेवतो, हे खरं. तरी 'आमचे बाबा काही एकटे राहत नाहीत' या वाक्यावर घरं निश्चिंत होतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बायकांचं वेगळं असतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो. नवरा गेलेल्या बाईला स्वयंपाक येत असतो, पण 'एकटीसाठी काय करायचं' म्हणून ती चहा-पोळीवर येते, किंवा सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास वाढवते. बाहेरून तो धर्म दिसतो आणि आतून आठवड्यातले तीन-चार दिवस जेवण गेलेलं असतं. पुरुषाच्या बाबतीत वाढणारं माणूस जातं. 'पान वाढलंय' ही हाक पन्नास वर्षं त्याच्या भुकेचं घड्याळ होती. हाक थांबली की घड्याळही थांबतं.

आधीचे उपाय आणि ते कुठे अडले

पडण्याच्या आधी दोन महिने आजोबा 'वाळल्यासारखे' दिसतात म्हणून घरच्यांनी प्रयत्न केले होते. प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला. अकरा वाजता दुधातून दोन मापं. तीन आठवड्यांत पोट बिघडलं आणि एक वाजताचं उरलंसुरलं जेवणही गेलं, कारण दोन तास आधी घट्ट दूध प्यायलेल्या म्हाताऱ्या पोटाला एकला भूक लागत नाही. पावडर वाईट नाही. ती जेवणाच्या जागी गेली हे वाईट. द्यायचीच तर जेवणानंतर दीड-दोन तासांनी, किंवा पिठात, वरणात, दह्यात मिसळून.

मग दुकानातून भुकेचं सिरप आलं. अशा बऱ्याच बाटल्यांत सायप्रोहेप्टाडीन असतं. याने तरुणाला झोप येते. सत्तरीपुढे गुंगी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि गोंधळलेपण येऊ शकतं. आजोबांना बद्धकोष्ठ झालं आणि पोट फुगल्याने ते आणखी कमी जेवू लागले. ज्येष्ठांना हे सिरप स्वतःहून देऊ नये, ही विनंती शक्य तितक्या जोरात करतो.

बाहेरचा डबा लावला, तो तिखट आणि त्यातल्या पोळ्या आणखी वातड. पुण्याची मुलगी दुपारी लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनवर व्हिडिओ कॉल करायची. याचा थोडा उपयोग झाला. पण सैल कवळीने एकाच वेळी बोलणं आणि चावणं जमत नाही, फोनवर गप्प बसलं की अवघडतं, म्हणून आजोबा बोलायचे आणि जेवण थंड व्हायचं. कॉल जेवणाआधी दहा मिनिटं ठेवला तर जास्त चांगलं. माणूस बोलून मोकळा होतो आणि ताटाकडे येतो.

ज्येष्ठ नागरिक संघात जायला त्यांनी नकार दिला. 'पुरुषांनी एकत्र बसून काय करायचं' हे वरचं कारण. खालचं कारण, त्या संघात पत्नीसोबत जायचे. ते रेटलं नाही हे बरं झालं.

पहिलं पाऊल: गोळी

सोबतीची व्यवस्था लावण्याआधी औषधं बदलावी लागली आणि या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या. संध्याकाळची गोळी 'ठरल्या वेळी, आठच्या आत' असं वर्षानुवर्षं बजावलं असल्याने आजोबा साडेसात-आठला जेवून घेत. घर जमायचं साडेआठला. म्हणजे ज्या एका जेवणाला चौघं सहज एकत्र आले असते, ते गोळीने एक तास अलीकडे ओढून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन जेवणानंतर ठेवलं, या वयात आणि या तब्येतीत एचबीएवनसी आठच्या आत राहिलं तरी चालेल असं लिहून दिलं. टेल्मिसार्टन निम्म्यावर आणलं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली. दंतवैद्याकडून खालच्या कवळीला आतून अस्तर भरून घेतलं. हे काम पुढे ढकलून चालत नाही, कारण चावता येत नसेल तर शेजारी कुणीही बसून उपयोग नाही. हे सगळं डॉक्टरांनी करायचं. घरच्या घरी गोळी थांबवू नये; पण 'बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय' हे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचवणं घरच्यांच्याच हातात असतं.

कोण, कधी, कुणासोबत

आठवड्याची एकवीस मुख्य जेवणं धरली (नाश्ता, दुपार, रात्र). त्यांतली सोबतीची मोजली तर रविवारची दुपार, एवढीच. रविवारचा नाश्ता ज्याचा तो, रात्र गोळीमुळे लवकर. शनिवारीही मुलगा-सून कामावर. एकवीसपैकी एक.

रात्रीचं जेवण पावणेनऊला नेलं. भूक आणि साखर सांभाळायला साडेपाचला चहासोबत भक्कम खाणं. नाश्ता साडेनऊवरून पहाटेच्या धांदलीत, पावणेसातला आणला, नातवाच्या दुधाच्या वेळी. सून उभ्यानेच खाते, मुलगा बूट घालता घालता. तरी चालतं. सोबत म्हणजे समोरासमोर बसून गप्पाच हव्यात असं नाही. आजूबाजूला भांड्यांचा आवाज आणि 'आजोबा, माझा कंपास बघितला का?' एवढ्यानेही ते धिरडं संपतं.

खरी अडचण दुपारची. त्यासाठी दोन धागे मिळाले. दुसऱ्या मजल्यावर ऐंशी वर्षांचे एक शेजारी होते, त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली, तेही दुपारी एकटेच जेवायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार दोघांनी आपापला डबा घेऊन एकाच टेबलावर बसायचं ठरलं. कुणी कुणासाठी स्वयंपाक करायचा नाही. पाहुणचार आला की आठवड्याभरात संकोच येतो. 'तुम्ही सोबतीला जा' म्हटल्यावर आजोबा तयार नव्हते. 'काकांना पत्नीजवळून उठायला निमित्त मिळत नाही, तुम्ही बोलावलंत तर ते जेवतील' म्हटल्यावर गेले. मदत घ्यायला लाजणारी ही पिढी मदत करायला मात्र लगेच उठते. यात फसवणूक काही नाही, कारण ते खरंच होतं.

मंगळवार आणि गुरुवारसाठी घरकामाच्या मावशी. त्या बाराला येत, सव्वाला जात, आणि स्वतः कुठे जेवत हे घरात कुणी विचारलं नव्हतं. त्यांना अर्धा तास जास्त थांबायचे पैसे ठरवले, त्यांचंही ताट वाढायचं आणि त्यांनी टेबलावर बसायचं. पहिले दोन आठवडे त्या खाली, ओट्याशी बसत होत्या. आजोबांनीच खुर्ची ओढून दिल्यावर वर बसल्या. हे लिहायला अवघड वाटतं, पण टाळून चालणार नाही: अनेक घरांत म्हाताऱ्या माणसाला दुपारी भेटणारी एकमेव व्यक्ती कामवाली असते, आणि तिच्या आणि त्याच्या ताटात आपण भिंत ठेवलेली असते. मावशींना मायक्रोवेव्ह येत होता. 'आजोबा, पोळी गरम करून देते, अर्धी अजून घ्या,' हा आग्रह घरात चौदा महिन्यांनी परत आला.

अशी सोबतीची जेवणं एकवरून एकोणीसवर गेली. उरली शनिवारची दुपार, आणि ज्या दिवशी घरचे लोकलमध्ये अडकतील ती एखादी रात्र.

ताट तेवढंच, आत जास्त

कमी भूक असलेल्या माणसाला ताट भरून वाढलं की तो बघूनच हरतो. घास तेवढेच ठेवून त्यात भर घालायची. एकदम सगळं वाढवायचं नाही; दोन आठवड्यांत हळूहळू.

सकाळी मुगाच्या पिठाची दोन धिरडी (पन्नास ग्रॅम पीठ), सोबत दोन चमचे दही: बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, आणि चावायला मऊ. साडेदहाला दीडशे मिली दुधात चमचाभर दूध पावडर ढवळून, साडेआठ ग्रॅम. ही वेळ एकच्या जेवणापासून अडीच तास लांब आहे, म्हणून चालली. दुपारी दोन पोळ्या. कणकेत चौथा हिस्सा बेसन, मळताना कोमट पाणी आणि थोडं तेल, म्हणजे पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. डब्यात खाली सुती फडकं, झाकण लावण्याआधी वाफ जाऊ द्यायची. तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण, पाण्यासारखं नको, चमच्यावर थांबेल इतकं घट्ट. भाजीत दाण्याचा कूट, दह्याची वाटी. एकूण एकोणीस ग्रॅम. चारची मारी काढली, केळं ठेवलं. साडेपाचला चहा आणि फुटाण्याच्या पिठाचं सातू, दाणे न चावता आठ ग्रॅम. रात्री अर्धी वाटी पनीर किंवा उसळ, पोळी, थोडा वरणभात, वर तूप: वीस ग्रॅम. दिवसाची बेरीज १६०० किलोकॅलरी आणि ६८ ग्रॅमच्या आसपास. आजोबांचं लक्ष्य ६६ होतं.

प्रथिनं एकट्याने स्नायू बांधत नाहीत. दिवसातून दोनदा, खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन आठ वेळा उठबस, दोन आठवड्यांनी आधार सोडून. पाणी दिवसा सहा-सात ग्लास, संध्याकाळी सातनंतर कमी, कारण रात्री उठायला लागू नये म्हणून हे लोक दिवसाचंही पाणी तोडतात.

पुढचे सहा महिने

चार आठवड्यांनी वजन ५५.३. घरच्यांना हे फार थोडं वाटलं. महिन्याला तीन किलो वाढतील ही अपेक्षाच चुकीची; घट थांबली हेच त्या महिन्याचं यश असतं. पहाटेचा घाम पुन्हा आला नाही. दुसऱ्या महिन्यात आजोबा स्वतःहून पेपरातली बातमी जेवताना वाचून दाखवू लागले.

सातव्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि जोडीदार महिनाभर तिकडेच अडकला. आजोबांची तीन जेवणं पुन्हा एकटी झाली आणि वजन आठशे ग्रॅमने उतरलं. एकाच माणसावर व्यवस्था टांगून ठेवल्याची ही चूक. मग मावशींचे दिवस दोनाचे चार केले आणि तिसरा जोडीदार शोधून ठेवला. पितृपक्षात पत्नीच्या तिथीला दोन दिवस आजोबांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. ते दिवस तक्त्यात आधीच खूण करून ठेवायला हवे होते. पुढच्या वर्षासाठी ठरलं की त्या दिवशी मुलगी पुण्याहून येईल, स्वयंपाक तिच्या आईच्या पद्धतीचा होईल आणि सगळे एकाच पंगतीत बसतील.

तीन महिन्यांनी वजन ५६.८, सहा महिन्यांनी ५८.१. पकड २२ किलो, अजून कमीच. खुर्चीची चाचणी १३.५ सेकंद. एचबीएवनसी ७.३, ग्लिमेपिराइडशिवाय. नैराश्याच्या चाचणीत आठाचे चार. औषध द्यायची वेळ आली नाही, पण सोबतीच्या जेवणानंतरही आकडा हलला नसता तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं आधीच ठरलं होतं. घरी विचारणारं कुणी नसेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाइनचा १४५६७, हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवलेले असावेत.

सून आता डब्यात दोनच पोळ्या ठेवते आणि वजनाचा काटा ओट्याखाली असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणाआधी, नातू आजोबांचा आकडा कॅलेंडरवर मागच्या आकड्याच्या शेजारी लिहितो. शनिवारची दुपार अजून मोकळी आहे. तिच्यासाठी आजोबांनीच ज्येष्ठ नागरिक संघाचं नाव काढलं आहे. पुढच्या शनिवारी काका आणि ते, दोघं जाऊन बघणार आहेत.